नावाचा रकाना कुणाचा?

मी नेमकं काय काम करतो, हे आमच्या नात्यात कुणालाच नीट सांगता येत नाही. मेव्हणे म्हणतात, "कंप्युटरमध्ये आहेत." थोरले चुलते सांगतात, "इंजिनिअर आहे, पण बांधकामाचा नव्हे." हुद्द्यात 'आर्किटेक्ट' हा शब्द असल्यामुळे मिरजेच्या एका खालांनी तर घराच्या वरच्या मजल्याचा नकाशा काढून मागितला होता. मी त्यांना एका खऱ्या आर्किटेक्टचा नंबर दिला. तेव्हापासून त्या मला जरा कमी शिकलेला समजतात.

काम असं आहे. बँक घ्या किंवा विमा कंपनी घ्या, तिथे एकच सॉफ्टवेअर कधीच नसतं. ग्राहकाची माहिती एका सिस्टिममध्ये, पॉलिसी दुसऱ्यात, दावे तिसऱ्यात, पैसे पाठवणारी चौथी. काही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या, काही गेल्या दिवाळीत आलेल्या. प्रत्येकीची टीम वेगळी, पुष्कळदा कंत्राटदार कंपनीही वेगळी. या सगळ्यांचं मिळून एक गाव होतं. घरं बांधणारे बांधतात, पण रस्ते, गटारं, पाण्याची लाइन कुठून जाणार हे कुणीतरी बघावं लागतं. त्याला एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणतात.

या विषयावर ग्रंथ भरपूर आहेत. आयबीएममधल्या जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये एक चौकट मांडली. पुढे तिच्यात काय, कसं, कुठे, कोण, कधी आणि का असे सहा प्रश्न आले. १९९५ मध्ये टोगाफ नावाची पद्धत आली, ती आज द ओपन ग्रुप ही संस्था चालवते. तिची परीक्षा देऊन मीही सर्टिफिकेट मिळवलं. हे सगळं शिकून बाहेर पडलेल्या माणसाला वाटतं, आपलं काम चौकोन काढायचं आणि त्यांच्यामध्ये बाण ओढायचं. चौकोनांची काळजी करायची फारशी गरज नसते, कारण प्रत्येक चौकोनाला मालक असतो, बजेट असतं, मॅनेजर असतो. बाणाला यातलं काहीच नसतं. माझी गेली बारा-तेरा वर्षं त्या बाणांवर गेली आहेत.

मेल्विन कॉनवे नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने हे फार आधी ओळखलं होतं. त्याने लिहिलेला लेख हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूने परत पाठवला. तुमचा मुद्दा सिद्ध झालेला नाही, असं कारण दिलं. मग तो एप्रिल १९६८ मध्ये डेटामेशन या मासिकात आला. त्याचं म्हणणं असं की एखादी संस्था जी सिस्टिम बांधते, तिची रचना त्या संस्थेतली माणसं एकमेकांशी कशी बोलतात याची नक्कल असते. त्यात एक मजेशीर उदाहरण आहे. एका संस्थेत आठ माणसांना दोन कंपायलर करायला दिले, कोबोलचा आणि अल्गोलचा. कामाचा अंदाज घेऊन पाच जण कोबोलवर बसवले, तीन अल्गोलवर. शेवटी कोबोलचा कंपायलर पाच टप्प्यांत चालायला लागला आणि अल्गोलचा तीन! पुढे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात याला 'कॉनवेचा नियम' असं नाव दिलं. त्याच पुस्तकात ते सांगतात की माणसं वाढली की बोलण्याच्या वाटा त्याहून कितीतरी वेगाने वाढतात. पाच जणांत दहा वाटा होतात, दहा जणांत पंचेचाळीस.

आपल्याकडच्या लग्नात हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बावर्चीने देग दमावर ठेवलेली असते. काझीसाहेब दुसऱ्या निकाहमध्ये अडकलेले असतात. मंडपवाल्याला पुढची ऑर्डर गाठायची असते. यातले कुणी दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तरी जेवण वेळेवर आणि गरम वाढलं जातं, कारण एक पोरगा सगळ्यांच्या मध्ये धावत असतो. "अजून वीस मिनिटं, देग उघडू नका." त्या पोराचं नाव पत्रिकेत नसतं आणि नंतर फोटोतही तो दिसत नाही. तो नसेल तर एक तर भात गिचका होतो, नाहीतर नवरदेवाचे मामा उपाशी राहतात.

मी ज्या कामाबद्दल लिहिणार आहे ते एका आयुर्विमा कंपनीचं. नाव सांगत नाही. त्यांच्याकडे मृत्यूनंतरचे दावे लवकर निकालात निघत नव्हते आणि यामागे काय आहे ते पाहायला आमची नेमणूक झाली होती. पॉलिसीची जुनी सिस्टिम मुंबईच्या टीमकडे होती, ओळखपत्रं तपासणारी बंगळुरूच्या एका कंत्राटदाराकडे, दाव्यांची आमच्या पुण्यात आणि पैसे पाठवणारी चेन्नईत. चार शहरं, तीन कंपन्या. प्रत्येक टीमचा अहवाल हिरवा. आमच्या भागात काही चूक नाही, असं प्रत्येक जण म्हणत होता आणि ते खरंही होतं.

चूक नावात होती. म्हणजे माणसाच्या नावात.

पॉलिसीच्या सिस्टिममध्ये नावाला एकच लांब रकाना. तपासणीच्या सिस्टिममध्ये तीन: नाव, मधलं नाव, आडनाव. दोघींमधल्या बाणावर कुणीतरी कधीतरी एक छोटा प्रोग्राम बसवलेला होता. पहिला शब्द म्हणजे नाव, शेवटचा म्हणजे आडनाव, उरलेलं सगळं मधलं. आता समजा नाव आहे 'शेख अब्दुल रहमान चाँदसाब'. आपल्याकडे दाखल्यावर आडनाव आधी लिहायची रीत, तशी एजंटाने लिहिली. प्रोग्रामने या माणसाचं नाव 'शेख' केलं आणि बापाचं नाव 'चाँदसाब' हे आडनाव करून टाकलं. पॅनकार्डावर याच माणसाचं आडनाव शेख आहे आणि नाव अब्दुल. 'रहमान' मधल्या रकान्यात. (अब्दुल हे एकटं नाव होत नाही, 'चा बंदा' एवढंच उरतं, कुणाचा ते पुढच्या शब्दात असतं. पण हे पॅनच्या रकान्याला कोण समजावणार?) आधारवर अख्खं नाव एकाच ओळीत. पासपोर्टवर दोन तुकडे.

त्याच्या बायकोचं नाव वारसाच्या जागी एजंटाने लिहिलं 'नूरजहाँ बी'. झालं, हिचं आडनाव 'बी'. दाव्यांच्या सिस्टिममध्ये आडनावाला इंग्रजीत किमान तीन अक्षरं लागायची, 'बी'ची भरतात दोन. अर्ज परत. आणखी एक नमुना तर मला पाहूनही खरा वाटेना. नावापुढच्या पदव्या काढून टाकणारा एक नियम होता: मिस्टर, मिसेस, डॉक्टर आणि एमडी. महंमद हे नाव ज्यांनी 'एमडी' असं आखडून लिहिलं होतं त्यांचं महंमद गेलं. शेखचं स्पेलिंग तर लोक तीन-चार तऱ्हेने करतात, एकाच घरात दोन भावांचं वेगळं असतं. मग पैसे पाठवायच्या वेळी बँकेतल्या नावाशी ते जुळत नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात ती प्लास्टिकची पिशवी आहे त्यांना पुढचं सांगायला नको. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, आणि त्या सगळ्यांवर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत' असं सांगणारी ॲफिडेविटं. पॅन आणि आधार जोडायची मुदत ३० जून २०२३ ला संपत होती, तेव्हा एका अक्षरासाठी माणसं सेवा केंद्राच्या दारात उभी होती. आणि २०१९ च्या हिवाळ्यात मोहल्ल्यामोहल्ल्यांत लोक स्पेलिंग दुरुस्त करून घ्यायला का धावत होते, तेही आपल्याला माहीत आहे. आपल्या माणसांसाठी स्पेलिंग ही फक्त स्पेलिंगची गोष्ट राहिलेली नाही.

हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. चारही टीममधले लोक मी जवळून पाहिले. एकाच्याही मनात खोट नव्हती. तीन रकाने करणाऱ्याने पॅनचा अर्ज समोर ठेवला होता. किमान तीन अक्षरांचा नियम लिहिणाऱ्याला कुणीतरी आडनावात नुसती टिंबं भरतंय म्हणून वैताग आला होता. एमडीचा नियम डॉक्टर ग्राहकांसाठी होता. सुटा पाहिला तर प्रत्येक नियम शहाणपणाचा. आणि नाव मोडत होतं ते बरोबर तिथे, जिथे एकाचं कंत्राट संपून दुसऱ्याचं सुरू होत होतं. कॉनवेचा लेख मला तेव्हा पहिल्यांदा खरा कळला असं म्हणायला हरकत नाही.

पहिल्या एकत्र बैठकीत मी एवढंच विचारलं, "नावाचा रकाना कुणाचा?" मुंबईने सांगितलं, शाखेतून जसं येतं तसं आम्ही साठवतो. बंगळुरूने सांगितलं, वरून जसं येतं तसं आम्ही तपासतो. पुणं म्हणालं, आमच्याकडे तपासून आलेलं येतं. चेन्नई म्हणाली, आम्ही फक्त पैसे पाठवतो. सगळ्यांचं खरं. ज्या गोष्टीवर दावा मिळणं न मिळणं ठरत होतं तिला घर नव्हतं.

बैठकीत मी एकटाच मुसलमान होतो. आता हे मांडायचं कसं? 'मुस्लिम नावं अडकत आहेत' असं म्हटलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. एक तर सगळे एकदम सभ्य होऊन गप्प बसतात, नाहीतर कुणीतरी म्हणतं, "आमचा नियम सगळ्यांना सारखाच आहे सर." नियम सारखाच होता, हीच तर अडचण! म्हणून मी नावांचे प्रकार मांडले. आडनाव आधी येणारं नाव. एकच शब्द असलेलं नाव. दोन अक्षरी आडनाव. पदवीसारखा दिसणारा शब्द. नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर बदललेलं नाव. पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या प्रोग्रामरने २०१० मध्ये नावांबद्दल प्रोग्रामर मंडळी काय काय चुकीचं धरून चालतात याची चाळीस कलमांची यादी केली होती. तो जपानमध्ये राहायचा आणि तिथल्या कंप्युटरांना त्याचं आडनाव झेपत नसे. तीही वाचायला दिली.

आद्याक्षराच्या प्रकारावर चेन्नईचा माणूस हसला. तमिळ रीतीप्रमाणे त्याच्या नावापुढे वडिलांचं एक अक्षर आणि आडनाव काहीच नाही. पासपोर्ट काढताना वडिलांचं पूर्ण नाव त्याचं आडनाव झालं आणि अमेरिकेच्या ऑफिसात सगळे त्याला वडिलांच्या नावाने हाका मारायचे. मग मुंबईच्या मॅडम म्हणाल्या, लग्नाला अठरा वर्षं झाली, माझा पगार एका नावाने येतो आणि पीएफ दुसऱ्या. कुणीतरी नंदुरबारचं काढलं. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. त्या भागातल्या शाखांतूनही एकशब्दी नावं यायची आणि आडनाव नाही म्हणून परत जायची. त्या दिवशी बैठक दीड तास लांबली आणि कुणी मोबाइलकडे पाहिलं नाही.

घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "सीधा बोलना था ना. अपने लोगां की बात अपन नै बोले तो कौन बोलेंगा?" तिचं म्हणणं असं की तमिळ आद्याक्षराच्या पदराआड मी आपली गोष्ट लपवली. मी म्हणतो की चेन्नईच्या माणसाला स्वतःचं नाव आठवलं नसतं तर त्याने आमच्या नावासाठी एक ओळही बदलली नसती. या मुद्द्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

पुढे सरळ बोलायची वेळ आलीच. तिसऱ्या बैठकीत अडकलेल्या दाव्यांची यादी पडद्यावर होती. आकडा सांगणार नाही, तो कंपनीचा आहे. दाव्यांच्या टीमचा प्रमुख, कोल्हापूरकडचा, मोकळा माणूस. मी त्याला म्हटलं, "वारसांची नावं जरा मोठ्याने वाचा." तो वाचायला लागला. शेख, पठाण, बी, खातून, मुलाणी, पुन्हा बी, बेगम, शिकलगार. मध्ये एखादं पावरा, एखादं वसावे. आठ-दहा नावांनंतर त्याचा वेग कमी झाला. "सर," तो म्हणाला, "ह्या सगळ्या बायका आहेत." मी ते पाहिलंच नव्हतं. मी आडनावं बघत होतो, त्याने बायका पाहिल्या. विधवा. ज्यांच्याकडे पिशवी असते पण पिशवीतले कागद दुसऱ्या कुणीतरी भरलेले असतात.

त्यानंतर जे ठरलं ते ऐकायला फार साधं आहे. नावाची मालकी एका टीमची, तपासणीच्या. नाव कागदावर जसं आहे तसं, न तोडता, पूर्ण साठवायचं. रकान्यांची गरज ज्याला आहे त्याने आपल्यापुरते तुकडे करावेत, पण ते पुढे पाठवू नयेत. माणूस तोच आहे का हे नुसत्या अक्षरांवरून ठरवायचं नाही, जन्मतारीख आणि कागदाचा क्रमांकही बघायचा. जुळलं नाही तर परत पाठवायचं नाही, शाखेतल्या माणसाला फोन करायचा. हे सगळं एका पानावर लिहिलं आणि चारही टीमच्या प्रमुखांनी खाली नावं घातली. ते पान लिहायला दोन तास लागले, नावं घालून मिळायला चार महिने. कंत्राटांत 'नाव दुरुस्त करणे' असं कलमच नव्हतं, मग तो खर्च कुणाच्या बजेटमधून? या एका प्रश्नावर मी किती ईमेल लिहिल्या असतील त्याची गणती नाही. आर्किटेक्टचं काम चित्रं काढण्याचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तो पत्रव्यवहार वाचावा.

आणखी एक केलं. दर गुरुवारी अर्धा तास, प्रत्येक टीममधला एक माणूस, मॅनेजर नको. अजेंडा नाही. या आठवड्यात कुठलं नाव अडकलं, एवढंच. गुरुवार का, तर शुक्रवारी दुपारी मी नसतो, हे चेन्नईच्या त्या माणसाने मी सांगायच्या आधीच कॅलेंडरवर टाकलं होतं. माझ्या मते त्या अर्ध्या तासाने जेवढं काम झालं तेवढं त्या पानाने झालं नाही. पूर्वी बंगळुरूचा एखादा नियम बदलला की पुण्याला तीन आठवड्यांनी दावे परत यायला लागले की कळायचं. आता बदलण्याआधी कुणीतरी विचारायचं, "याने 'बी' मोडणार नाही ना?" 'बी' हा आमच्यात एक शब्दच झाला होता.

पण या सगळ्यात मला जो माणूस विसरता येत नाही तो कुठल्याच चौकोनात नव्हता. टेस्टिंगच्या टीममध्ये इचलकरंजीची एक मुलगी होती. तिने विचारलं, "सर, तपासायला नमुन्याची नावं कुठून आणू? आम्ही आपली ठरलेली चार-पाच टाकतो." मी म्हटलं, शाखांना फोन लाव. दोन दिवसांनी ती मला म्हणाली, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत एक क्लार्क आहेत, त्यांच्याकडे वही आहे.

मी फोनवर बोललो. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, पंचविसेक वर्षं एकाच शाखेत. "साहेब, वही म्हणजे काय," ते म्हणाले, "कोणतं नाव कसं टाकलं की वर जातं ते लिहून ठेवतो. परत आलं की बाई पुन्हा तीस किलोमीटर एसटीने येते. तिला काय सांगायचं?" वहीत नावांची टिपणं होती. 'बी' जोडून लिहायचं, मध्ये जागा सोडायची नाही. 'महंमद' पूर्ण टाकायचं. आडनाव नसेल तर गावाचं नाव टाकायचं, पण मग बँकेत जुळत नाही, म्हणून आधी बँकेत फोन करायचा. चार शहरांत बसलेल्या टीम एकमेकांशी बोलत नव्हत्या, त्या सगळ्या वर्षांत हा माणूस एकटा त्यांच्या मधला पोरगा होऊन धावत होता. त्याच्यामुळे त्या शाखेतून तक्रारी कमी यायच्या. म्हणून आमच्या सुरुवातीच्या पाहणीत त्या शाखेचा शेरा होता: समस्या नाही.

त्या मुलीने वहीची पानं मागवली आणि त्यातून तपासणीसाठी नमुने तयार केले. आता कुठलाही बदल करायचा झाला तर आधी ते सगळे नमुने चालवून बघतात. क्लार्कसाहेबांना गुरुवारच्या बैठकीत बोलवावं असं मी सुचवलं होतं, पण शाखेच्या वरिष्ठांनी कामाच्या वेळेचं कारण सांगून परवानगी दिली नाही. ते जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या मोबाइलवरून दोनदा आले. दुसऱ्यांदा त्यांनी नियमांचं पान ऐकून घेतलं आणि विचारलं, "वारसाचं नाव जुन्या सिस्टिममध्ये तीस अक्षरांवर कापलं जातं, त्याचं काय केलं?"

त्याचं काही केलेलं नव्हतं. ते मुंबईच्या जुन्या सिस्टिममध्ये खोल रुतलेलं आहे, हात लावायचा तर सगळ्या छापील पॉलिसींचा नमुना बदलावा लागेल, आणि छपाई पाचव्या एका कंपनीकडे आहे. त्यांना येत्या गुरुवारी बोलावलं आहे. येतो म्हणालेत.